कोकणातील शिक्षण आणि स्वयंसेवा : इतिहाससंशोधन

कोकण किनाऱ्यावरच्या गावांत शाळा कशा निघाल्या आणि त्यांसाठी तरुणांनी बिनमोबदला काय काम केले, याचा शोध. या इतिहासाची निम्मी साधने गावात, तर निम्मी मुंबईत आहेत. केवळ सरकारी दप्तरावर विसंबल्यास तो अर्धाच हाती लागतो.

दप्तर शोधताना जुन्या हद्दी ध्यानात ठेवाव्या लागतात. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला. सावंतवाडी आणि जंजिरा ही 1948 पर्यंत संस्थाने होती. जुने कागद पुष्कळदा मोडी लिपीत असतात, त्यामुळे मोडी वाचता येणे आवश्यक ठरते. शिवाय पावसाळ्यातली ओल आणि वाळवी यांनी बरेच काही गिळलेले असते.

गावातले सर्वांत बोलके साधन म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख आणि शेवटी ‘शाळा सोडल्याचे कारण’. या शेवटच्या रकान्यात गिरणीच्या नोकरीसाठी मुंबई गाठणारी पोरे आणि लग्न ठरलेल्या मुली शोधाव्यात. जन्मतारखेवर मात्र भरवसा ठेवू नये. पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी 1 जून लिहीत. पानभर तीच तारीख दिसते.

मुंबईतले साधन म्हणजे चाकरमान्यांच्या ग्राममंडळांची वर्गणीवही आणि सभेचे इतिवृत्त. कमावत्या माणसाने गावाच्या कामाला पैसे पाठवायचे, ही रीत जुनी आहे. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी 1886 मध्ये सुरू केलेला ‘मुरूड फंड’ हे तिचे ठळक उदाहरण. हेच कर्वे लहानपणी परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून परीक्षेला बसू न देता परत पाठवले गेले. शाळेपर्यंतची वाट हादेखील शिक्षणाच्या इतिहासाचा भाग आहे, हे या प्रसंगाने कळते.

विसाव्या शतकात स्वयंसेवेला संघटित रूप आले. 1941 मध्ये राष्ट्र सेवा दल सुरू झाले. पालगडचे साने गुरुजी त्याचे प्रेरणास्थान ठरले. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभारून सफाईचे काम प्रतिष्ठेचे केले. 1969 पासून राष्ट्रीय सेवा योजनेमुळे महाविद्यालयीन मुलांची शिबिरे गावोगाव होऊ लागली. अशा संघटनांचे अहवाल सापडतात, पण वाडीने केलेले श्रमदान कागदावर क्वचितच उतरते. शाळेच्या भिंतीवरच्या फलकावर देणगीदारांची नावे आणि रकमा असतात; त्याच भिंतीसाठी डोक्यावरून चिरे वाहिलेल्या बायांची नसतात. त्यांच्यासाठी मुलाखत हाच मार्ग उरतो. ती मालवणीत किंवा संगमेश्वरीत, सांगणारीच्या शब्दांत जशीच्या तशी उतरवावी. सोबत शाळेचा जुना फोटो नेल्यास एकेक चेहरा ओळखत आठवणी आपसूक निघतात.