पिचरचे कोपर आणि टॉमी जॉन यांची कारकीर्द

१७ जुलै १९७४ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचे डावखुरे पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारे खेळाडू, टॉमी जॉन माँट्रिअल एक्स्पोज या संघाविरुद्ध खेळत होते. एक चेंडू टाकताना त्यांच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचे लिगामेंट तुटले. बेसबॉलमध्ये सामन्याचा निकाल पिचरच्याही नावावर मांडतात; त्या मोसमात तोवर त्यांच्या नावावर १३ विजय आणि केवळ ३ पराभव होते. वय होते ३१. त्या काळी अशी दुखापत झालेला पिचर निवृत्त होऊन दुसरा उद्योग शोधत असे.

हे लिगामेंट म्हणजे दंडाचे हाड आणि हाताच्या पुढच्या भागातले करंगळीकडचे हाड यांना बांधून ठेवणारा, जेमतेम बोटाच्या पेराएवढा तंतुमय पट्टा. त्याच्यावर एवढा भार का पडतो, हे समजण्यासाठी क्रिकेटशी तुलना उपयोगी ठरेल. क्रिकेटचा वेगवान गोलंदाज धावत येतो आणि नियमानुसार त्याला चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा अधिक सरळ करता येत नाही. बेसबॉलच्या पिचरला धाव नाही आणि कोपराचे बंधनही नाही. दहा इंच उंचीच्या उंचवट्यावरून एक लांब पाऊल टाकून तो १८.४४ मीटरवरच्या फलंदाजाकडे चेंडू अक्षरशः फेकतो. पायांतून निघालेली शक्ती कंबर, धड आणि खांदा या क्रमाने हातात पोहोचते. त्या वेळी कोपर वाकलेले असते आणि पंजा इतका मागे झुकतो की हाताचा पुढचा भाग जवळजवळ जमिनीला समांतर होतो. पुढच्याच क्षणी खांदा सेकंदाला सुमारे ७,००० अंश या वेगाने आत फिरतो. मानवी शरीराच्या आजवर मोजल्या गेलेल्या सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते.

हात मागे झुकण्याचे थांबून पुढे वळतो, त्या क्षणी कोपरावर सुमारे ६४ न्यूटन-मीटर इतका टॉर्क, म्हणजे सांधा वळवू पाहणारा जोर, येतो, असे प्रयोगशाळेतील मोजमाप सांगते. कोपरापासून तीस सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण तळहाताशी, जवळपास २२ किलोंचे वजन हाताला बाहेर ओढत असावे, तसाच हा प्रकार आहे. उलट मृतदेहांच्या कोपरांवरील चाचण्यांत हे लिगामेंट याच्या सुमारे निम्म्या टॉर्कलाच तुटते. तरीही दर चेंडूला ते तुटत नाही, याचे श्रेय आसपासच्या स्नायूंना आहे, कारण भाराचा मोठा वाटा ते उचलतात. स्नायू थकले की तो वाटा लिगामेंटवर येतो. शिवाय स्नायू व्यायामाने जसे झपाट्याने बळकट होतात, तसे लिगामेंट होत नाही. माझ्या मते पिचरच्या साऱ्या व्यथेचे मूळ इथेच आहे.

संघाचे शल्यविशारद डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी जॉन यांच्या उजव्या मनगटातली पामारिस लाँगस या स्नायूची कंडरा (स्नायूला जोडलेली दोरीसारखी पट्टी) काढली, डाव्या कोपराच्या हाडांत छिद्रे पाडली आणि ती त्यांतून ओवून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवली. ही कंडरा काढल्याने हाताचे फारसे काही बिघडत नाही. कित्येकांच्या मनगटात तर ती जन्मतःच नसते. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित आत वाकवावे, मध्यभागी दोरीसारखे काही उठून दिसले तर ती आहे. यशाची शक्यता शंभरात एक, असे जोब यांनी सांगितले होते. कोपराजवळच्या मज्जातंतूच्या त्रासामुळे आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५चा मोसम वाया गेला. रोपलेल्या कंडरेत नव्या रक्तवाहिन्या शिरून ती हळूहळू लिगामेंटसारखी घडत जाते, आणि ही घडण औषधाने वा जिद्दीने लवकर उरकता येत नाही.

१९७६मध्ये जॉन परतले आणि १९८९पर्यंत, वयाच्या ४६व्या वर्षापर्यंत खेळले. त्यांच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. या आकड्यांवरून नवे लिगामेंट मूळच्यापेक्षा सरस असते, असा समज पसरला, तो निराधार आहे. जॉन हे वेगाचे पिचर नव्हतेच. फलंदाजाजवळ येताना खाली उतरणारा सिंकर हे त्यांचे अस्त्र होते. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचे निम्मे श्रेय तरी मी या संयमी शैलीला देईन.

आजचा पिचर मात्र पहिल्या चेंडूपासून पूर्ण जोर लावतो. अमेरिकेच्या मेजर लीग या अव्वल व्यावसायिक स्पर्धेत फास्टबॉलचा, म्हणजे पूर्ण वेगाने टाकलेल्या चेंडूचा, सरासरी वेग २००८मध्ये ताशी सुमारे १४७ किलोमीटर होता, तो २०२४पर्यंत १५१च्या पुढे गेला. कोपराच्या शस्त्रक्रियाही वाढल्या. आता जोब यांच्या या शस्त्रक्रियेला ‘टॉमी जॉन शस्त्रक्रिया’ म्हणतात आणि तिच्यानंतर बहुसंख्य खेळाडू साधारण १२ ते १८ महिन्यांत मैदानावर परततात. प्रसिद्ध जपानी बेसबॉलपटू शोहेई ओहतानी यांच्यावर ती २०१८मध्ये झाली आणि २०२३मध्ये त्याच कोपरावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

चिंतेची बाब शाळकरी मुलांची आहे. थकलेल्या हाताने वारंवार चेंडू टाकणाऱ्या किशोरांना गंभीर दुखापतीचा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो, असे अभ्यासात दिसले आहे. म्हणून अमेरिकेत वयानुसार चेंडूंची मर्यादा सुचवलेली आहे: १३-१४ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू टाकावेत आणि ६६ किंवा अधिक टाकले, तर पुढचे चार दिवस पिचिंग करू नये.