थायरॉइड आणि वजन (सांगली-सातारा भाग)

थायरॉइडचा त्रास असताना वजन सांभाळणं म्हणजे एकीकडे गोळी चालू ठेवायची आणि दुसरीकडे खाणं, चालणं, झोप यांच्याकडे बघून काटा ताब्यात ठेवायचा. सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात "थायरॉइड आहे ओ मला, कितीबी कमी खाल्लं तरी वजन हलत नाही" हे हळदीकुंकवापासून एसटी स्टँडपर्यंत कुठंही ऐकायला मिळतं, आणि ते पूर्ण खोटं नसतं पण पूर्ण खरंही नसतं. खालची बरीचशी माहिती ग्रंथी मंदावण्याबद्दल, म्हणजे हायपोथायरॉइडबद्दल आहे, कारण वजनाची तक्रार जास्त करून तिथलीच असते.

ग्रंथी काय करते

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली ही छोटी ग्रंथी असते. तिच्यातून टी-फोर आणि टी-थ्री ही हार्मोन्स निघतात आणि शरीर किती वेगानं ऊर्जा खर्च करणार हे त्यांच्यावर बरंच अवलंबून असतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच नावाचं हार्मोन सोडून थायरॉइडला कामाला लावते. थायरॉइड ढिली पडली की पिट्यूटरी टीएसएच वाढवते, म्हणून रिपोर्ट उलटा वाचायचा असतो: टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइडचं काम कमी. इथं निम्मी जनता गोंधळते, टीएसएच ९ आला की "थायरॉइड वाढलाय" म्हणतात आणि ९ चा ३ झाला की गोळी बंद करून मोकळे होतात, जे करायचंच नसतं, कारण तो ३ गोळीमुळंच आलेला असतो. बहुतेक लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ च्या आसपास नॉर्मल धरतात, गरोदरपणात आणि म्हातारपणात हिशेब वेगळा.

आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या भागात ग्रंथी मंदावण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हाशिमोटोचा आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरनं १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे कितीतरी जास्त दिसतं. आठ मोठ्या शहरांत केलेल्या आणि २०१३ मध्ये छापून आलेल्या एका भारतीय अभ्यासात सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये ग्रंथी मंदावलेली सापडली होती, म्हणजे दहा जणांच्या घरात एकाला असणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही.

नक्की किती किलो थायरॉइडचे

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि याचं उत्तर कुणाला आवडत नाही. ग्रंथी मंदावल्यामुळं वाढणारं वजन बहुतेकांत २ ते ५ किलोच्या घरात असतं, आजार फार जुना आणि तीव्र असेल तर जास्त. त्यातही बराचसा भाग चरबीचा नसून अंगात साठलेल्या मीठ-पाण्याचा असतो, म्हणून सकाळी चेहरा सुजल्यासारखा वाटतो, डोळ्यांखाली फुगतं, अंगठी घट्ट होते. गोळी लागू पडली की आधी हे पाणी उतरतं आणि २-३ किलो गेलेले बघून माणूस खूश होतो, मग पुढच्या महिन्यात काटा थांबतो आणि "गोळीचा पॉवर कमी पडतोय" अशी तक्रार सुरू. पॉवर कमी पडत नाही, थायरॉइडच्या वाट्याचं वजन तेवढंच होतं. वीस किलो जास्त असतील तर त्यातले पंधरा-सोळा भात, तेल, साखर, बसून काम, वय, बाळंतपण, अपुरी झोप यांच्या खात्यावर जातात.

पण म्हणून पाहुण्यांनी "काही नाही, सगळी खायची कारणं आहेत" असं तोंडावर म्हणायचं कारण नाही. टीएसएच चढलेला असताना थकवा, अंगदुखी, बद्धकोष्ठता, थंडी वाजणं, उदास वाटणं हे सगळं खरं असतं आणि अशा अंगानं रोज पाच किलोमीटर चाला म्हणणं सोपं, चालणं अवघड. आधी लेव्हल जागेवर आणायची, मग वजनाच्या मागं लागायचं, हा क्रम बरोबर आहे.

गोळी घ्यायची रीत

औषध लेव्होथायरॉक्झिन, म्हणजे टी-फोरच, कारखान्यात बनवलेलं. १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून पहिल्यांदा रुग्ण बरा केला, एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळात अमेरिकेत थायरॉक्सिन, म्हणजे टी-फोर, वेगळं काढलं, आणि आज तीच गोष्ट गल्लीतल्या मेडिकलमध्ये बाटलीत मिळते. ग्रंथी जवळजवळ बंद असेल तर डोस साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम बसतो, थोडीफार चालू असेल तर कमी, हृदयाचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसाला अगदी थोड्यापासून सुरुवात करतात.

गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास पोटात काही नाही. कागदावर सोपं आहे. आपल्याकडच्या घरात साडेपाचला उठल्या उठल्या गॅसवर चहाचं भांडं चढतं, सासऱ्यांचा चहा, पोरांचे डबे, नवऱ्याची पहिली पाळी, आणि ज्या बाईला गोळी घ्यायचीय तीच सगळ्यांच्या आधी अर्धा कप चहा उभ्या उभ्या पिऊन मोकळी झालेली असते, मग सात वाजता आठवतं. "गोळी घेतलीस का गं?" "घेते की ओ आत्या, एवढा डबा भरते." चहा-कॉफीमुळं गोळी नीट शोषली जात नाही आणि महिनोन्‌महिने असं चाललं की टीएसएच खाली येत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, कारण मात्र चहा असतो. उपाय फार साधे आहेत, उशाशी तांब्या-फुलपात्र आणि गोळी ठेवायची, डोळे उघडले की आधी ती, चहा नंतर. सकाळ जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीनेक तासांनी घेतली तरी चालते, पण मग रोज रात्रीच.

दुसरा घोळ लोह आणि कॅल्शियमचा. अंगणवाडीतून किंवा दवाखान्यातून मिळालेल्या लाल गोळ्या, गुडघ्यासाठी कॅल्शियम, हे सगळं "एकदाच घेऊन टाकू" म्हणून थायरॉइडच्या गोळीबरोबर गिळतात. यांच्यात चार तासांचं अंतर पाहिजे. सोयाच्या पावडरी, प्रोटीन शेक हेही सकाळच्या गोळीला चिकटून नकोत. केस गळतात म्हणून बायोटिन चालू असेल तर ते रक्ततपासणीतच गडबड करतं, म्हणून तपासणीच्या दोन दिवस आधी थांबवायला सांगतात. टी-फोर अंगातून निम्मं कमी व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळं एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही, पण त्याच कारणानं डोस बदलल्यावर दहा दिवसांत परत रक्त देऊन काही कळत नाही, सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं.

ताटातलं

थायरॉइडसाठी खास असा डाएट नाही, हे ऐकून बरेच जण नाराज होतात. कोबी-फ्लॉवर बंद, वांगं बंद, शेंगदाणे बंद असल्या याद्या मोबाईलवर फिरतात. कोबी-फ्लॉवरमधले ग्रंथीला अडवणारे घटक शिजवल्यावर बरेच कमी होतात आणि आयोडीन पुरेसं असेल तर भाजीएवढ्या खाण्यानं काही बिघडत नाही. माण, खटाव, आटपाडी, जतकडं बाजरी रोजची, तिच्याबद्दलही असंच, अडचण आयोडीन कमी असेल तिथंच होते. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत खुशाल खावं, तेलाचा तवंग तेवढा कमी ठेवावा.

मीठ मात्र बघायला पाहिजे. देशात आयोडीन कमी पडून होणाऱ्या गलगंडाविरुद्धचा कार्यक्रम १९६२ ला सुरू झाला, १९९२ ला त्याचं नाव बदललं, आणि खाण्यासाठी बिगर-आयोडीनचं मीठ विकायला १७ मे २००६ पासून बंदी आहे. एवढं सगळं करून आता सुशिक्षित घरांत "नॅचरल" म्हणून बारा महिने सैंधव वापरायची फॅशन आलीय, ज्यात आयोडीन नगण्य असतं. उपवासापुरतं ठीक, रोजच्या आमटीत साधं आयोडीनवालं मीठच बरं. उलट आयोडीनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल असलं स्वतःहून सुरू केलं तर हाशिमोटोवाल्यांचं आणखी बिघडू शकतं.

बाकी हिशेब कॅलरीचा, तो थायरॉइड नसलेल्यांसारखाच. साठ-सत्तर ग्रॅम पिठाची शाळूची भाकरी सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी देते, म्हणजे एक भाकरी, घट्ट आमटी किंवा मटकीची उसळ, पालेभाजी, काकडी-कांदा, ताक हे जेवण उत्तम आहे. लोक भाकरीला दोष देतात पण वजन चढतं ते बाकीच्यावर: दिवसात चार वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे नुसत्या साखरेच्या दीडशेवर कॅलरी, प्रत्येक भाजीत मूठभर शेंगदाण्याचं कूट, चारला भडंगाचा कोन, कुणी साताऱ्याहून आलं की कंदी पेढे, सीझनला उसाचा रस आणि गूळ "आरोग्याला चांगला" म्हणून. गुळाच्या कॅलरी साखरेएवढ्याच असतात बरं का. आणि उपवास! संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, साबुदाणा, शेंगदाणे, तूप, बटाटा, वर वेफर्स, इतक्या ऐवजाला उपवास म्हणायचं आणि नवमीनंतर काटा वर गेला की थायरॉइडचं नाव. वरी, राजगिरा, दही, ताक, फळ यांच्यावर भागवलं तर उपवासही होतो आणि वजनही राहतं. प्रोटीन आपल्या ताटात नेहमीच कमी पडतं, त्यासाठी हुलगे, मटकी, डाळी, अंडी, चालत असेल तर मासे-चिकन वाढवावं, जुन्या बायका करायच्या ते हुलग्याचं माडगं पोट बराच वेळ भरलेलं ठेवतं.

धन्याचं पाणी, गळ्यावर लेप, कुठला तरी काढा यांच्यावर इकडं भारी विश्वास. धन्याचं पाणी प्यायला हरकत नाही, पण त्यानं टीएसएच खाली येतो याला भक्कम पुरावा नाही आणि त्याच्या भरवशावर गोळी सोडणं महागात पडतं. यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे ग्रंथी ठीक असताना बारीक व्हायला थायरॉइडच्या गोळ्या खाणं किंवा स्वतःहून डोस वाढवणं. वजन थोडं उतरतं, त्यात स्नायूही जातात, हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात.

चालणं

आठवड्याला दीडशे मिनिटं बऱ्यापैकी झपझप चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हे सर्वसाधारण माप. सांगली सपाट, त्यामुळं आमराई किंवा कृष्णेचा घाट गुडघ्यांना सोसतो. साताऱ्यात पहाटे किल्ल्यावर म्हणजे अजिंक्यताऱ्यावर जायची जुनी सवय, यवतेश्वरचा घाट आणि तिथली २०१२ पासूनची हिल हाफ मॅरेथॉन यामुळं पळायचंही वेड लागलंय, पण नव्वद किलोच्या नवख्या माणसानं पहिल्याच आठवड्यात किल्ला चढू नये, 'चार भिंती' या स्मारकापर्यंत गेला तरी पुष्कळ. उतरल्यावर पायथ्याला वडापाव आणि कटिंग झाला की चढाईची कमाई तिथंच संपते, हे वेगळं सांगायला नको.

महिन्याला दीड-दोन किलो उतरले तर वेग चांगला समजावा. रोज काट्यावर उभं राहू नये, पाळीच्या आधी पाण्यानंच किलो-दीड किलो वर जातं.

उलट प्रकार आणि इतर

ग्रंथी जास्त चालत असेल, उदाहरणार्थ ग्रेव्हजच्या आजारात, तर भरपूर खाऊन वजन उतरतं, छाती धडधडते, हात थरथरतात. कार्बिमाझोलच्या गोळ्यांनी किंवा रेडिओआयोडीननं आटोक्यात आलं की वजन परत चढतं, आणि भूक मात्र आजारातल्या सवयीचीच राहिलेली असते, म्हणून उपचार सुरू होतानाच ताट थोडं कमी करायला लागतं. हल्ली वजन उतरवायची महागडी इंजेक्शनं आली आहेत, सेमाग्लुटाइड वगैरे, ती थायरॉइडची गोळी चालू असताना डॉक्टर देऊ शकतात, पण घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर ती चालत नाहीत आणि ही गोष्ट विचारली नाही तरी आपण होऊन सांगायची. दिवस राहिले की डोस बहुधा वाढवावा लागतो, त्यामुळं पुढच्या सोनोग्राफीची वाट न बघता लगेच दाखवावं. आणि वजन खरंच बरंच उतरलं, दहा-बारा किलोच्या पुढं, तर जुना डोस जास्त होऊ शकतो, तेव्हा टीएसएच पुन्हा करून घ्यावा.