फॉर्म सबमिट होत नाहीये? फोन करायच्या आधी एकदा हे वाचा

तुमच्या वेबसाइटवरचे फॉर्म आम्ही बनवतो आणि सांभाळतो, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे "फॉर्म जात नाहीये". बास, पुढे काही नाही. आता खरं सांगायचं तर या तीन शब्दांमागे निदान सहा-सात वेगवेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं, म्हणून आमचा पहिला प्रश्न कायम एकच असतो की बटण दाबल्यावर नेमकं झालं काय? काहीच हललं नाही, की गोल चक्र फिरत बसलं, की लाल अक्षरात काहीतरी आलं, की सगळं भरलेलं पुसून फॉर्म कोरा समोर आला, की "धन्यवाद" दिसलं पण तुमच्यापर्यंत काही पोचलंच नाही? या एका उत्तरावर आमचं निम्मं काम होतं.

फॉर्मचा प्रवास असा असतो: आधी ब्राउझर तपासतो, मग माहिती नेटवरून सर्व्हरकडे (साइट ज्या कॉम्प्युटरवर चालते तिकडे) जाते, सर्व्हर पुन्हा स्वतः तपासतो, मग ती डेटाबेसमध्ये लिहिली जाते आणि सगळ्यात शेवटी तुम्हाला मेल येतो. गाडी कुठल्या स्टेशनवर अडकली तेवढंच शोधायचं असतं.

आणि हो, अडकलं म्हणून बटण धडाधड पाच वेळा दाबू नका, त्याबद्दल पुढे सांगतो.

बटण दाबलं आणि ढिम्म काही नाही

म्हणजे बहुतेक वेळा माहिती ब्राउझरच्या बाहेर पडलेलीच नाही. सगळ्यात छुपं कारण म्हणजे लपलेली सक्तीची चौकट. समजा फॉर्मला तीन टॅब आहेत आणि दुसऱ्या टॅबमधली एक चौकट भरणं सक्तीचं आहे पण तो टॅब बंद आहे, तर ब्राउझर फॉर्म अडवतो, त्या चौकटीकडे बोट दाखवायला जातो आणि ती दिसतच नसल्यामुळे गप्प बसतो. भरणाऱ्याला वाटतं बटण खराब आहे. आमच्याच एका जुन्या फॉर्ममध्ये हे झालं होतं, आणि आम्ही पूर्ण दुपार सर्व्हरचे लॉग (तिथल्या घडामोडींच्या नोंदी) चाळत बसलो होतो, तिथे काय मिळणार, तिथपर्यंत काही गेलंच नव्हतं! शेवटी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुका लिहून ठेवतो त्या जागी, एक ओळ सापडली की अमुक चौकटीवर फोकस नेता येत नाही. तेव्हापासून आम्ही आधी कन्सोल बघतो, बाकी सगळं नंतर.

तुम्ही स्वतः करून बघण्यासारखं म्हणजे तोच फॉर्म इन्कॉग्निटो विंडोमध्ये उघडा. तिथे गेला तर ॲड ब्लॉकर किंवा दुसरं एखादं एक्स्टेन्शन आड येतंय, नाहीतर ब्राउझरने पानाची जुनी फाईल धरून ठेवलीय. दुसऱ्या फोनवरून, दुसऱ्या नेटवरूनही एकदा बघा. या दोन चाचण्यांना दोन मिनिटं लागतात आणि आमचा एक तास वाचतो.

आता याच्या उलटा प्रकार, न दाबता बटण दाबलं जाणं. चौकटीत टाइप करून एंटर मारला की ब्राउझर फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटण दाबल्यासारखं करतो, आणि कोडमध्ये बटणाचा प्रकार लिहिला नसेल तर फॉर्मच्या आतलं कुठलंही बटण सबमिटच धरलं जातं. एका फॉर्ममध्ये सगळ्यात वर "फोटो काढून टाका" असं बटण होतं. लोक नाव लिहून एंटर मारायचे आणि फोटो उडायचा! तक्रार मात्र अशी यायची की "फोटो सेव्ह होत नाही". तुमच्याकडे एंटर मारल्यावर भलतंच काही होत असेल तर हेच असणार, बटणाचा प्रकार बदलला की मिटतं.

लाल अक्षरं: तुम्ही बरोबर लिहिलंय तरी चूक म्हणतो

मोबाईल नंबर देवनागरी आकड्यांत टाइप केला की फॉर्म नाकारतो हे फार जणांना लक्षात येत नाही. डोळ्यांना ९ हा नऊच दिसतो पण तपासणीचा नियम फक्त इंग्रजी आकडे ओळखत असतो. आमचं मत असं की यात भरणाऱ्याची काही चूक नाही, फॉर्मनेच आकडे बदलून घ्यायला हवेत, आणि तुमच्या फॉर्ममध्ये तसं होत नसेल तर सांगा, करून देऊ. तसंच अक्षरांच्या मर्यादेचं. "श्री" हे आपल्याला एक अक्षर, पण ब्राउझर त्याचे चार मोजतो: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. त्यामुळे २० ची मर्यादा ठेवलेल्या चौकटीत मराठी नाव मध्येच तुटतं, म्हणून मर्यादा सढळ ठेवा.

कॉपी-पेस्ट करताना शेवटी चिकटून येणारी स्पेस हाही नेहमीचा घोळ. आणि इमोजी. जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायचा यूटीएफ८ नावाचा जो प्रकार असायचा तो एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट द्यायचा, मराठी त्यात बसतं पण इमोजीला ४ लागतात, म्हणून अभिप्रायात एक हसरा चेहरा टाकला की सेव्ह करताना एरर. टेबल यूटीएफ८एमबी४ वर नेलं की हा त्रास जातो.

सर्व्हरपर्यंत गेलं पण हाकललं

इथे आकडे कामाला येतात. कॉम्प्युटरवर एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, "प्रिझर्व्ह लॉग" वर टिक करा (हे विसरलात तर पान बदलताच सगळं पुसलं जातं) आणि मग फॉर्म पाठवा. जी ओळ येईल तिच्यापुढचा आकडा बघा.

४१९ किंवा ४०३ आला तर बऱ्याचदा सेशन, म्हणजे सर्व्हर तुम्हाला ओळखून ठेवतो तो काळ, संपलेलं असतं. प्रत्येक फॉर्मसोबत एक गुप्त टोकन जातं, फॉर्म खरंच आमच्याच पानावरून आलाय हे ओळखायला. सकाळी पान उघडून ठेवलं, मधे दहा कामं केली आणि दुपारी सबमिट दाबलं की टोकन शिळं झालेलं असतं. पीएचपीमध्ये (साइट लिहायची एक भाषा) सेशनची डीफॉल्ट मुदत १४४० सेकंद म्हणजे फक्त २४ मिनिटं, तिच्यावर बेतलेल्या लाराव्हेलमध्ये १२० मिनिटं. गूगलच्या रीकॅप्चाचं तर २ मिनिटंच आणि तेही एकदाच चालतं, म्हणून "मी रोबोट नाही" वर आधीच टिक करून मग निवांत फॉर्म भरायचा नाही, टिक शेवटी. सेशन संपलंय असं वाटलं तर लिहिलेला मोठा मजकूर आधी कॉपी करून घ्या, मग पान रिफ्रेश करा. उलटा क्रम केला की पस्तावाल.

४०३ चं दुसरं कारण फायरवॉल, म्हणजे सर्व्हरचा पहारेकरी. मजकुरात कोडसारखं दिसणारं काही असलं की तो हल्ला समजून अडवतो. फॉर्म एरवी जातोय पण ठराविक मजकुराने अडतोय असं असेल तर तो मजकूर जसाच्या तसा आम्हाला द्या, स्वतः दुरुस्त करत बसू नका.

५०० म्हणजे आमच्या बाजूची चूक, तुम्ही काही करू शकत नाही, फक्त वेळ कळवा. ५०४ म्हणजे सर्व्हरने उत्तर द्यायला फार वेळ लावला, आणि इथे सावध राहा कारण काम कदाचित झालेलं असतं, फक्त निरोप परत आलेला नसतो.

एरर अजिबात नाही पण फॉर्म कोरा होऊन परत येतोय? तर पत्ता बघा. फॉर्म एचटीटीपीच्या पत्त्यावर पाठवला आणि सर्व्हरने ३०१ किंवा ३०२ देऊन एचटीटीपीएसवर वळवला की ब्राउझर पोस्टचं (माहिती पाठवणं) गेट (नुसतं पान मागणं) करतो आणि भरलेली माहिती वाटेतच सांडते. डोमेन किंवा होस्टिंग बदलल्यावर पहिल्या आठवड्यात अशा तक्रारी हमखास येतात, त्यामुळे असा काही बदल करणार असाल तर आधी आम्हाला सांगा ना.

फाईल जोडली की बिघडतं

फाईलशिवाय फॉर्म जातो आणि फाईल जोडली की नाही, म्हणजे नव्वद टक्के साइजचाच मामला (नव्वद हा आपला बोलायचा आकडा, मोजलेला नाही). एनजिन्क्स नावाचा सर्व्हर प्रोग्राम काहीच न सांगता ठेवला तर १ एमबीच्या वर काही घेत नाही, ४१३ देतो. पीएचपीमध्ये एका फाईलला २ एमबी आणि सगळ्या फॉर्मला मिळून ८ एमबी ही डीफॉल्ट मर्यादा. आणि आजच्या फोनचा एक फोटो सहज ३-४ एमबीचा असतो.

गंमत अशी की ८ एमबीची मर्यादा ओलांडली की पीएचपी अख्खा फॉर्मच रिकामा करून टाकतं, फक्त फाईल नाही. मग फॉर्म म्हणतो "नाव भरा", "पत्ता भरा". भरणारा चिडतो, सगळं तर भरलंय! तर असं दिसलं की मजकुराकडे बघू नका, फोटो लहान करून बघा.

मोठ्या टेबलवाल्या फॉर्मचंही असंच. पीएचपी एका फॉर्ममध्ये १००० चौकटींपर्यंतच घेतं. १२० ओळी आणि प्रत्येकी ९ चौकटी म्हणजे १०८०, सेव्ह झालं म्हणतो आणि शेवटच्या आठ-नऊ ओळी गायब. ही मर्यादा वाढवता येते, पण थोड्या-थोड्या ओळी सेव्ह करणं आम्हाला जास्त पटतं.

"धन्यवाद" आलं पण मेल नाही

फॉर्म गेला. अडकलाय तो मेल. आधी ॲडमिन पॅनेलमध्ये एन्ट्री बघा, ती असेल तर माहिती सुरक्षित आहे. मग स्पॅम बघा. बऱ्याच जणांना वाटतं की मेल फॉर्म भरणाऱ्याच्या नावाने यावा म्हणजे रिप्लाय करायला सोपं, पण तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या पत्त्याने मेल पाठवायला लागला की समोरचा तो खोटा समजून टाकून देतो. म्हणून पाठवणारा पत्ता तुमच्या डोमेनचा ठेवतो आणि भरणाऱ्याचा पत्ता "रिप्लाय टू" मध्ये घालतो.

एकच एन्ट्री तीनदा

हा त्या धडाधड दाबण्याचा प्रताप. नेट हळू असलं की पहिल्या दाबण्याचं उत्तर यायच्या आत दुसरं आणि तिसरंही पोचतं, आणि सर्व्हरला ते तीन वेगळे फॉर्मच वाटतात. पान रिफ्रेश केल्यावर ब्राउझरने "माहिती पुन्हा पाठवायची का" असं विचारलं तर नाही म्हणा. आमच्या नव्या फॉर्ममध्ये पहिल्यांदा दाबल्यावर बटण बंद होतं आणि सेव्ह झाल्यावर वेगळ्या पानावर नेलं जातं, त्यामुळे हा त्रास होत नाही. जुन्यांमध्ये आहे. पैसे भरायचा फॉर्म असेल तर दुसऱ्यांदा दाबायच्या आधी एन्ट्री किंवा खात्याचा मेसेज बघाच.

आम्हाला काय पाठवाल

पानाचा पूर्ण पत्ता, घडल्याची वेळ मिनिटासकट (लॉगमध्ये त्यावरूनच शोधतो), कुठला फोन किंवा ब्राउझर, आणि अख्ख्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट, फक्त लाल ओळीचा कापलेला नको. सगळ्यांना होतंय की एकालाच हेही लिहा. नेटवर्क टॅबमधून हार (HAR) फाईल, म्हणजे तिथल्या सगळ्या देवाणघेवाणीची नोंद, पाठवणार असाल तर त्यात लॉगिनच्या कुकी आणि कधीकधी टाइप केलेला पासवर्डही असू शकतो, म्हणून ती ग्रुपवर टाकू नका, थेट आमच्या सपोर्ट तिकिटाला जोडा आणि पाठवून झाल्यावर त्या साइटवरून लॉगआउट करून पासवर्ड बदला.