सोयाबीनचं पाणी आणि तेल, दाणा न फोडता

मृगाच्या आधी लातूर-परभणीकडे घरचं बियाणं ओल्या गोणपाटात गुंडाळून तपासतात. शंभर दाण्यांपैकी किती उगवले ते त्यावरून कळतं. बाकीचे का उगवले नाहीत, ते मात्र कळत नाही. त्यासाठी दाण्याच्या आतलं पाणी आणि तेल पाहावं लागतं, तेही दाणा जिवंत ठेवून. भट्टीत वाळवलं किंवा दळून तेल काढलं की दाणा गेलाच.

हे चुंबकीय अनुनादाने (दवाखान्यातल्या एमआरआयमागचं तंत्र) जमतं. त्यात चुंबकात ठेवलेल्या दाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओलहरींचा धक्का देतात आणि त्यांचा संदेश किती वेळात विरतो ते मोजतात. प्रथिनांसारख्या घन भागाचा संदेश काही दहा मायक्रोसेकंदांतच संपतो. प्रथिनांना चिकटलेल्या पाण्याचा एखाद-दोन मिलिसेकंद टिकतो, तर तेलाचा त्याहून कितीतरी जास्त. म्हणून टेबलावर मावणाऱ्या २० मेगाहर्ट्झच्या यंत्रात (चुंबक ०.४७ टेस्ला) धक्क्यानंतर सुमारे ५० मायक्रोसेकंदांनी घेतलेला आकडा पाणी अधिक तेलाचा, आणि ७ मिलिसेकंदांच्या प्रतिध्वनीचा (दुसऱ्या धक्क्याने परत उमटवलेल्या संदेशाचा) आकडा नुसत्या तेलाचा. वजाबाकी केली की पाणी मिळतं.

हे जमतं ते दाणा कोरडा असेल तरच. ओलावा साधारण १० टक्क्यांच्या वर गेला की थोडं पाणी सैल होतं, ७ मिलिसेकंदांनंतरही बोलत राहतं आणि तेलात मोजलं जातं. काढणीत पाऊस लागलेल्या सोयाबीनचं तेल म्हणूनच खोटं जास्त दिसतं. आधी सावलीत वाळवा, मग मोजा.

दुसरी अडचण आपल्या मातीची. काळी माती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. दाण्याला चिकटलेलं चिमूटभर ढेकूळसुद्धा आजूबाजूचं चुंबकक्षेत्र बिघडवतं आणि संदेश लवकर विरतो. दाणे कोरड्या फडक्याने पुसावेत, यंत्रात ठेवायची नळी त्यांनी ठरलेल्या उंचीपर्यंतच भरावी, वजन करावं आणि चुंबकाच्या तापमानाला (बहुधा ४० अंश) येऊ द्यावी. घाईत थंड नळी ठेवली की आकडा सरकतो. तेलाचं प्रमाण ठरवायला त्याच पिकाचं शुद्ध तेल वापरावं. तांब्याचं बुरशीनाशक चोळलेलं बियाणं मात्र वेगळंच मोजावं, कारण तांबं संदेश विरण्याचा वेग बदलतं.

पाणी दाण्यात कुठून शिरतं ते पाहायचं तर प्रतिमा घ्यावी लागते. त्यासाठी ९.४ टेस्लासारखं मोठं चुंबक लागतं. कोरड्या दाण्यात फक्त तेल उजळतं. ओल्या कापसावर ठेवला की पाणी हळूहळू दिसू लागतं. भोवती मोकळं पाणी ठेवू नये, त्याचा उजेड दाण्याला झाकून टाकतो. टरफलाखाली हवेचा बुडबुडा अडकला तर तिथे काळा डाग येतो. त्याला कीड समजू नये.

सोयाबीनचं टरफल पातळ. मळणीयंत्राचे फेरे जास्त झाले की त्याला बारीक तडा जातो, आणि अशा दाण्यात पाणी तड्यातून धावतच आत शिरतं. कोरड्या पेशींची आवरणं अजून सावरलेली नसतात, ती फाटतात आणि आतला रस झिरपतो.

पण मेलेला दाणाही पाणी पितो. त्यामुळे प्रतिमा घेतलेल्या प्रत्येक दाण्याला क्रमांक देतात आणि तोच दाणा पुन्हा गोणपाटात ठेवून त्याला मोड येतो का ते बघतात.