कॅमेऱ्यातील सशुल्क सुविधा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

डिजिटल कॅमेरा विकून झाल्यावर त्याच बॉडीत (लेन्स वगळता उरलेल्या कॅमेऱ्यात) एखादी नवी सुविधा वेगळे पैसे घेऊन सुरू करून देण्याची विक्रीपद्धत. अशा व्यवहारात सेन्सर आणि प्रोसेसर सहसा जिथल्या तिथे राहतात. बदलते ते फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत कायमचे बसवलेले सॉफ्टवेअर. ग्राहकाच्या हाती पडतो तो एक कोड किंवा परवाना. सिनेमा आणि दूरचित्रवाणीच्या चित्रीकरणासाठी लागणाऱ्या महागड्या कॅमेऱ्यांत याचे कोणाला नवल वाटत नाही. छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यांत ही पद्धत २०१० नंतर हळूहळू शिरली, आणि पक्षी, माणूस, गाडी स्वतःहून ओळखणारे ऑटोफोकस आल्यावर या सुविधांनाही उद्या कुलूप लागणार का, अशी चर्चा सुरू झाली.

कुलूप कशाला?

पैसे मागितले की ग्राहक पहिल्यांदा हेच विचारतो: ही सोय कॅमेऱ्यात आधीपासून होती आणि तुम्ही दाबून ठेवली होती, की नंतर मेहनत घेऊन तयार केली? दोन्ही प्रकार घडलेले आहेत. कॅननचा ३००डी हा २००३ सालचा स्वस्त डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा. वरच्या श्रेणीतल्या १०डीशी त्याचे अंतरंग बरेच जुळत होते. एका रशियन हौशी तंत्रज्ञाने त्याच्या फर्मवेअरमध्ये फेरफार केला आणि आयएसओ ३२०० (कमी उजेडासाठी वाढवलेली संवेदनशीलता), मिरर लॉकअप (फोटोआधी आरसा उचलून धरणे), फ्लॅशचा उजेड कमीजास्त करणे अशा सोयी त्यात चालू झाल्या. त्या मुद्दामच बंद ठेवल्या होत्या, हे त्यामुळे उघड झाले. २००९ मध्ये कॅननच्याच ५डी मार्क टूसाठी सुरू झालेल्या मॅजिक लँटर्न प्रकल्पाची गोष्ट वेगळी. त्यात बाहेरच्या मंडळींनी कंपनीने न दिलेल्या सोयी स्वतः लिहिल्या आणि फुकट वाटल्या.

अधिकृत सशुल्क सुविधांत पॅनासॉनिकच्या जीएच४ चे उदाहरण नमुनेदार आहे. २०१५ मध्ये त्याला व्ही-लॉग एल ही चित्रणपद्धत सुमारे १०० डॉलरला मिळू लागली. लॉग पद्धतीत उजेड-सावलीचा मोठा पल्ला फिकट, निस्तेज दिसणाऱ्या चित्रात साठवतात आणि रंग नंतर संगणकावर चढवतात. विकत मिळायचा तो निव्वळ एक कोड. कॅमेऱ्याचा अनुक्रमांक फाईलच्या रूपाने मेमरी कार्डावर उतरवायचा, तो आणि कोड कंपनीच्या संकेतस्थळावर द्यायचा, तिथून मिळालेली फाईल कार्डावर घालून पुन्हा कॅमेऱ्याला वाचायला द्यायची. मेनूत एक ओळ वाढते, एवढेच काय ते दृश्य फळ. ती किल्ली त्याच एका बॉडीला लागते. दुसरी बॉडी घेतली तर दुसरी किल्ली.

कॅननने ईओएस सी१०० या व्हिडिओ कॅमेऱ्याला ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस (सेन्सरवरच्या पिक्सेलनी फोकस साधण्याची पद्धत) ५०० डॉलरला देऊ केले (२०१४), तर ५डी मार्क फोरला कॅनन लॉग ही स्वतःची लॉग पद्धत ९९ डॉलरला (२०१७). दोन्ही वेळा कॅमेरा सेवा केंद्रात पाठवावा लागे. निकॉनने २०१९ च्या अखेरीस झेड६ आणि झेड७ मधून रॉ व्हिडिओ (सेन्सरकडून आलेले कच्चे चित्रण) बाहेर काढण्याची सोय सुमारे २०० डॉलरला दिली. सोनीने तर पडद्यावर मनाजोगत्या मार्गदर्शक रेषा दाखवण्याच्या परवान्याला १४९ डॉलर लावले. शाळेतल्या शेकडो मुलांचे फोटो एकाच चौकटीत, एकाच मापात काढणाऱ्याला त्या रेषांचे मोल आहे हे खरे. तरी या किमतीवर भुवया उंचावल्या त्या रास्तच होत्या. सिनेमाच्या क्षेत्रात मात्र कुरकुर नसते. आरी या सिनेमा-कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीच्या अलेक्सा मिनीला आरीरॉ, म्हणजे तिच्या रॉ पद्धतीच्या चित्रणासाठी वेगळा परवाना घ्यावा लागे, आणि हा खर्च चित्रपटाच्या अंदाजपत्रकात सहज मावतो.

कंपन्यांची कारणे तीन. व्हिडिओच्या काही पद्धतींवर इतरांचे पेटंट असते आणि त्याचे शुल्क भरावे लागते. दुसरे कारण हिशेबाचे: विकून झालेल्या वस्तूत नवी सोय फुकट घातली तर मूळ विक्रीचे उत्पन्न कोणत्या वर्षात धरायचे, हा घोळ होतो. ॲपलने २००७ मध्ये संगणकात आधीच बसवलेले वेगवान वाय-फाय चालू करायला १.९९ डॉलर घेतले, तेव्हा हेच कारण पुढे केले होते. तिसरे कारण कंपन्या मोठ्याने सांगत नाहीत. स्वस्त कॅमेऱ्याने महागड्याचे गिऱ्हाईक पळवू नये, हे ते कारण.

कॅमेऱ्यातील कृत्रिम बुद्धिमत्ता

कॅमेऱ्याने दृश्य ‘ओळखण्याचा’ प्रयत्न फिल्मच्या काळापासूनचा. निकॉनच्या एफ५ (१९९६) मध्ये १,००५ पिक्सेलचा रंगीत मीटर (उजेड मोजणारा भाग) होता आणि समोरच्या दृश्याची तुलना तो ३०,००० हून अधिक दृश्यांच्या माहितीशी करून एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी किती उजेड आत घ्यायचा ते, ठरवत असे. चेहरा शोधून त्यावर फोकस करणारे छोटे कॅमेरे निकॉनने २००५ मध्ये आणले. सध्याच्या पद्धतीची ठळक सुरुवात ऑलिम्पसच्या ई-एम१एक्सपासून (२०१९) धरता येते. डीप लर्निंगच्या, म्हणजे असंख्य चित्रे दाखवून संगणकाला ओळख शिकवण्याच्या तंत्राच्या, आधारे तो मोटारी, विमाने आणि आगगाड्या ओळखत असे. आगगाडी दिसली की फोकस थेट चालकाच्या केबिनकडे नेई.

झाडीतल्या पक्ष्याचे उदाहरण घेऊ. जुने ऑटोफोकस जवळच्या फांदीला चिकटते, कारण तिथे ठळक कड सापडते. नव्या पद्धतीत न्यूरल नेटवर्क (अशा शिकवणीतून तयार झालेले गणित) आधी चौकटीत पक्ष्याचे शरीर कुठे आहे ते हेरते, मग डोके, मग डोळा. डोळा पानाआड गेला तर डोक्यावर, डोकेही गेले तर शरीरावर फोकस धरून ठेवते. पण हे नेटवर्क फक्त ‘कुठे’ एवढेच सांगते. ‘किती अंतरावर’ हे अजूनही सेन्सरवरचे फेज-डिटेक्शन पिक्सेल (लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या उजेडाची तुलना करणारे) मोजतात आणि लेन्सची मोटर तिथवर पोहोचावी लागते. म्हणून डोळ्यावर चौकट नीट बसलेली दिसते आणि फोटो मात्र हललेला किंवा किंचित मागे फोकस झालेला निघतो. त्यात नेटवर्कचा दोष नसतो.

आणखी एक गैरसमज इथेच काढलेला बरा. कॅमेरा मालकाच्या फोटोंतून शिकत नाही. शिकवणी कंपनीच्या संगणकांवर लक्षावधी चित्रांनिशी आधीच उरकलेली असते. कॅमेऱ्यात उतरते ते तयार गणित. आपण वर्षभर खंड्याचेच फोटो काढले म्हणून कॅमेऱ्याला खंड्या जास्त चांगला कळत नाही. सुधारणा होते ती कंपनीने नवे गणित फर्मवेअरमधून पाठवले तरच.

हे गणित सेकंदात अनेकदा करायचे तर चिपही तशी लागते. ई-एम१एक्सला दोन प्रोसेसर होते. २०२० च्या अखेरीस त्याला पक्षी ओळखण्याची सोय फर्मवेअरने फुकट मिळाली, पण त्याच कंपनीच्या ई-एम१ मार्क थ्रीला ती मिळाली नाही. सोनीने अल्फा ७आर फाइव्हमध्ये (२०२२) यासाठी वेगळी चिपच घातली. माणसाची पाठ कॅमेऱ्याकडे असली तरी अंगाच्या ठेवणीवरून डोके कुठे आहे हे ती ताडते. कॅननचा आर५ मार्क टू (२०२४) फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलमधल्या हालचाली पाहून कोणत्या खेळाडूकडे फोकस वळवायचा ते ठरवतो.

म्हणून ओळख-सुविधांच्या बाबतीत सशुल्क कोडची भीती आजवर फारशी खरी ठरलेली नाही. निकॉनने झेड८ ला पक्ष्यांसाठीची स्वतंत्र निवड २०२४ मध्ये विनामूल्यच दिली. ग्राहक पैसे मोजतो, पण कोडचे नव्हे, नव्या बॉडीचे. आणि शंभर डॉलरच्या कोडपेक्षा हा मार्ग त्याला कितीतरी महाग पडतो, हे चर्चेत सहसा येत नाही. जुन्या चिपवर नवे गणित खरोखर चालत नव्हते की चालवायचे नव्हते, हे बाहेरच्याला तपासताही येत नाही.

वर्गणीचे प्रकरण निराळे. घराची राखण करणाऱ्या कॅमेऱ्यांत माणूस की मांजर, ओळखीचा चेहरा की परका, ही ओळख बऱ्याच कंपन्या मासिक वर्गणीवर देतात. तिथे चित्रे कंपनीच्या सर्व्हरवर साठवली जातात आणि तो खर्च चालूच राहतो. छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांत गणित बॉडीतच होत असल्याने वर्गणीला तसा आधार नाही. तरीही कॅननने कॅमेरा वेबकॅमसारखा वापरण्याच्या सॉफ्टवेअरची प्रगत आवृत्ती २०२२ पासून वर्गणीवर ठेवली आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रे वाढली तशी खऱ्या फोटोला खरेपणाचा पुरावा लागू लागला. लायकाच्या एम११-पी (२०२३) मध्ये फोटो काढतानाच त्यावर डिजिटल सही उमटवण्याची सोय बॉडीसोबतच येते. सोनीने हीच सोय आधी वृत्तसंस्थांना देऊ केली, आणि ती कॅमेऱ्यात चालू करायला परवाना लागतो.