बँक ऑफ बडोदा ही महाराजांची खासगी पेढी नव्हती

बडोद्याच्या दांडिया बाजारात परवा लग्नाच्या पंगतीत, श्रीखंडाची वाढप चालू असताना, एका काकांनी पुन्हा तेच सांगितलं: "बँक ऑफ बडोदा? महाराजांनी तिजोरी उघडली अन् बँक काढली!" लहानपणापासून हे ऐकत आलोय. अभिमान खरा आहे, हकीकत मात्र वेगळी.

20 जुलै 1908 रोजी मांडवीत सुरू झालेली ही बँक बडोदा संस्थानच्या 1897 च्या कंपनी कायद्याखाली नोंदलेली, भागभांडवलावर उभी राहिलेली कंपनी होती. महाराज सयाजीरावांचा पाठिंबा भक्कम होता, त्याशिवाय ती झालीच नसती. पण संस्थापकांत महाराजांचे भाऊ संपतराव गायकवाड आणि अमेरिकन सल्लागार राल्फ व्हाइटनॅक यांच्या जोडीला विठ्ठलदास ठाकरसी, लल्लूभाई सामळदास, तुळशीदास किलाचंद असे उद्योजकही होते. दरबाराने वाट मोकळी केली, व्यापाऱ्यांनी पैसा आणि व्यवहारज्ञान आणलं. सरकारी मालकी आली ती थेट 1969 मध्ये, राष्ट्रीयीकरणात.

कारखान्यांचंही तेच. 1890 मध्ये दरबाराच्या आश्रयाने कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय निघालं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्राण. याच गज्जरांनी कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासोबत 1907 मध्ये अलेम्बिक ही रसायनं-औषधांची कंपनी उभी केली.

आणि आपण मराठी मंडळी जी गोष्ट सांगायलाच विसरतो ती अन्योन्य सहकारी मंडळी या पतसंस्थेची. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी मध्यमवर्गीयांना जमवून ती इथेच, 1889 मध्ये काढली. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1904 साली.