'जुरासिक पार्क'मधला तो प्रोग्राम खोटा नव्हता

१९९३च्या 'जुरासिक पार्क'मध्ये डायनासोर दाराशी आलेला असताना लेक्स नावाची मुलगी संगणकापुढे बसते. पडद्यावर ठोकळ्यांचं मैदान दिसतं आणि ती म्हणते की ही युनिक्स आहे, मला येते. युनिक्स म्हणजे संगणक चालवणारी एक प्रणाली. तेव्हापासून 'युनिक्स असं कुठे दिसतं? सिनेमावाल्यांनी रचलेलं चित्र आहे ते' असं छातीठोकपणे सांगितलं जातं. ते चूक आहे.

तो खराखुरा प्रोग्राम होता, एफएसएन, म्हणजे फाइल सिस्टीम नॅव्हिगेटर. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने तो आपल्या वर्कस्टेशनसाठी, म्हणजे व्यावसायिक कामाच्या ताकदवान संगणकांसाठी, प्रायोगिक म्हणून केला होता. त्या यंत्रांवरची आयरिक्स ही प्रणाली युनिक्सच्याच घराण्यातली. लेक्स बरोबरच बोलत होती.

दृश्य थांबवून नीट बघा. सपाट जमिनीवर चौथरे मांडलेले आहेत. एकेक चौथरा म्हणजे एक फोल्डर, आणि त्याच्या पोटातले फोल्डर मागच्या बाजूला रेषांनी जोडलेले. चौथऱ्यावरचे ठोकळे म्हणजे फाइली. फाइल जितकी मोठी तितका ठोकळा उंच, आणि ती किती जुनी हे रंगावरून कळतं. डिस्क कुणी खाल्ली, हे आकड्यांची यादी न वाचता नजरेत भरतं. मला ही कल्पना आजही देखणी वाटते.

रोजच्या कामाला मात्र ती अवजडच. पुढचे ठोकळे मागचे झाकतात, आणि त्या मैदानावरून उडत उडत फाइल गाठण्यापेक्षा तिचं नाव टाइप करणं झटपट होतं. पुढे लिनक्स या युनिक्ससारख्याच प्रणालीसाठी एफएसव्ही नावाचा तसाच मुक्त प्रोग्राम आला. शंका असेल त्याने तो चालवून बघावा.